घरचे दुखणे आणि सरकारचा हुकूम

शिवाजी पेठेतील एका जुन्या वाड्याच्या माडीवर, जिच्या खिडकीतून पावसाळ्यात रंकाळ्यावरचा ओलसर वारा आत येतो आणि उन्हाळ्यात नुसती धूळ, आम्ही तिघे गेली कित्येक वर्षे दर शनिवारी संध्याकाळी जमत आलो आहोत. वाडा रावसाहेबांचा. महसूल खात्यात अव्वल कारकुनीपासून चढत चढत ते तालुक्याच्या खुर्चीपर्यंत पोचले आणि 2021 च्या मे अखेरीस सेवानिवृत्त झाले. सरकारी पाटीवर ‘तहसीलदार’ असे कितीही लिहिलेले असले तरी पेठेच्या लेखी ते मामलेदारच, आणि समोरासमोर रावसाहेब. दुसरे आमचे डॉक्टर, ज्यांनी चाळीस वर्षे या पेठेतल्या तीन पिढ्यांच्या नाड्या पाहिल्या आणि ज्यांच्या दवाखान्याच्या बाकावर औषधापेक्षा भाऊबंदकीचे निवाडे अधिक झाले. तिसरा मी, माझे काम बहुधा ऐकण्याचे, आणि ताटलीतले भडंग संपविण्याचे.

परवाच्या आषाढातली गोष्ट. आम्ही टेकतो न टेकतो तोच रावसाहेबांनी एक खाकी लिफाफा टेबलावर ठेवला आणि “आज तुम्हां दोघांच्या सह्या हव्यात” एवढेच ते बोलले. पण सह्या कसल्या हे कळण्यापूर्वीच डॉक्टरांच्या तोंडून सहज निघालेल्या एका वाक्याने विषय भलतीकडे गेला. डॉक्टर नुकतेच उत्तरेश्वर पेठेतल्या एका वृद्धाला पाहून आले होते. यकृत पार थकलेले, माणूस आता फार दिवसांचा सोबती नाही, हे घरच्यांनाही उमगलेले.

“मुलाने त्यांना घरीच ठेवले, हे फार बरे केले,” डॉक्टर म्हणाले. “मनुष्याने डोळे मिटावेत ते आपल्या घरी, आपल्या माणसांत. साथ असो वा नसो, तो त्याचा हक्क आहे.”

“साथ नसताना असेल,” रावसाहेब शांतपणे म्हणाले. “साथीत नाही.”

मग मात्र त्यांना थांबविणे शक्य नव्हते. “2021 च्या मे महिन्याच्या 25 तारखेला आरोग्यमंत्री टोपे यांनी 18 जिल्ह्यांतले कोरोना रुग्णांचे गृहविलगीकरण बंद केल्याचे जाहीर केले आणि त्या 18 मध्ये आपला जिल्हा होता. माझ्या नोकरीचा तो शेवटचा आठवडा. निरोपसमारंभाच्या हाराऐवजी मी त्या हुकुमाची तामिली पदरात घेतली आणि आजही सांगतो, हुकूम रास्त होता. घरी राहण्याची मुभा ज्या नियमाने मिळाली होती, त्याच नियमात रुग्णाला स्वतंत्र सोय हवी आणि चोवीस तास पाहणारा माणूस हवा, अशी अट होती. आता माझ्या तालुक्यातले घर डोळ्यांपुढे आणा: पुढे सोपा, मागे माजघर, शेजारी म्हशीचा गोठा, आणि न्हाणी सगळ्यांत मिळून एक. सोप्यात म्हातारा खोकतो आहे, माजघरात सून भाकरी थापते आहे आणि मधल्या दाराला आडोसा म्हणून जुने लुगडे टांगले आहे. तलाठ्याच्या नोंदवहीत याचे नाव ‘गृहविलगीकरण’! आठ दिवसांत सगळे घर अंथरुणाला. अन्यत्र लाट ओसरली तरी जूनभर आणि जुलैतही कोल्हापूर वरच राहिले ते का, याचा विचार कुणी करायचा?”

“तुमचा हुकूम तरण्याताठ्यांसाठी ठीक होता,” डॉक्टर म्हणाले. “विद्यापीठाच्या वसतिगृहात, शाळेच्या वर्गात खाट घातली, दोन वेळचा डबा दिला, दहा दिवसांनी माणूस चालत घरी आला. पण रावसाहेब, ज्याला बरे व्हायचेच नव्हते त्याचे काय? कर्करोग हाडांत उतरलेला, हृदय शिणलेले, वय 80 च्या पुढचे. अशा माणसाला तुम्ही रुग्णवाहिकेत घातले, तेव्हा त्याला कुठे नेत होता? उपचाराला म्हणाल, तर उपचार उरला नव्हता.”

“नेत होतो ते त्याच्यासाठी नव्हे, मागे राहिलेल्यांसाठी.”

“हे तुम्ही स्पष्ट बोललात, बरे झाले. तेव्हा कुणी असे स्पष्ट बोलत नव्हते.”

रावसाहेबांनी हे ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि इतिहासाचा आश्रय घेतला. साथीचा बंदोबस्त लोकांना कधीच रुचत नाही, असे त्यांचे म्हणणे. 1897 साली पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोल्जर घरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, त्याचा परिणाम रँडच्या खुनात झाला हे खरे, परंतु रुग्णाला घरातून बाहेर काढणे ही गोष्ट तेवढ्याने चुकीची ठरत नाही. आणि मग त्यांनी आपला हुकमी पत्ता टाकला. “सावित्रीबाईंनी काय केले? त्यांच्या मुलाचा, यशवंतरावांचा, दवाखाना गावाबाहेर माळावर होता. मुंढव्याच्या वस्तीतून प्लेगचे पोर पाठीवर घालून त्या माऊलीने तिथे नेले, स्वतः रोग घेतला आणि 1897 च्या मार्चच्या 10 तारखेला गेल्या. त्यांनी त्या पोराला घरी नाही ठेवले, डॉक्टर.”

“नाही ठेवले. पण त्या स्वतः दारात गेल्या,” डॉक्टर म्हणाले. “सोल्जरही दारातच गेला होता. लोकांनी रोगी कोठीत लपविले, ते सोल्जरला पाहून. बाईंच्या स्वाधीन त्यांनी आपले लेकरू केले. 1897 चाच तो साथरोगाचा कायदा. 2020 च्या मार्चमध्ये आपण तोच दप्तरातून काढला, धूळ झटकली आणि लावला. कायदा सव्वाशे वर्षे टिकला, पाठीवर घेणारे माणूस तेवढे टिकले नाही.”

इथे वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांचे लक्ष बोलण्याकडे होते हे त्यांच्या पहिल्याच वाक्यावरून दिसले. “घर, घर म्हणताय भावजी, पण घर म्हणजे कोण हो? अंगण का तुळई?”

त्यांच्या या प्रश्नाला माझ्यापाशी तरी उत्तर नव्हते. ‘घरी शुश्रूषा झाली’ असे आपण लिहितो, बोलतो, व्याकरणदृष्ट्या ते वाक्य निर्दोषही असते. पण त्यात कर्ता नसतो आणि तो गाळलेला कर्ता बहुतेक घरांत एकच असतो: सून, नाहीतर लेक, नाहीतर स्वतःच आजारी असलेली बायको. वहिनींनी त्या वर्षी स्वतः सतरा दिवस रावसाहेबांचे ताट दाराबाहेर ठेवले होते. एका पितळी तांब्याला ओळखीसाठी लाल दोरा बांधला होता. त्यांची भांडी वेगळी, कपडे वेगळे, बादली वेगळी. “ह्यांना चव नव्हती म्हणून तीनदा आमटी बदलली,” त्या म्हणाल्या, “आणि मला ताप आला तेव्हा मीच माझं ताट दाराबाहेर ठेवून, मीच आत जाऊन घेतलं.” रावसाहेब बशीत चहा ओतण्यात विलक्षण गढून गेले. वहिनी गेल्यावर डॉक्टर म्हणाले, की गृहशुश्रूषेच्या बाजूने बोलणाऱ्याने हे वाक्य आधी कपाळावर कोरून घ्यावे. पण त्यातून निष्कर्ष ‘रुग्णाला न्या’ असा निघत नाही, ‘बाईला मदतीस माणूस द्या’ असा निघतो.

“कोण देणार?”

“तेच विचारतोय.”

थोडा वेळ कुणी बोलले नाही. बाहेर पाऊस लागला होता आणि पागोळ्यांचे पाणी परसातल्या पत्र्यावर पडत होते. मग रावसाहेब बोलले ते खालच्या आवाजात, कैफियत द्यावी तसे. त्यांची थोरली बहीण, आम्ही सर्वच त्यांना आक्का म्हणत असू, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये गावी गेल्या, हे आम्हांला माहीत होते; कशा गेल्या ते त्यांनी कधी सांगितले नव्हते. भाच्यांनी प्रेमापोटी आईला घरी ठेवले. दवाखान्यात गेलेला परत येत नाही, असा तेव्हा गावोगाव समज. आक्कांना धाप नव्हती, त्रास नव्हता. सकाळी चुलीपुढे बसून त्यांनी भाकरी खाल्ली आणि बोटाला लावलेल्या यंत्रात आकडा सत्तरीच्या घरात आला, तेव्हा यंत्र बिघडले असेल म्हणून मुलाने ते स्वतःच्या बोटाला लावून पाहिले. त्याच्या बोटावर 98 होते. या रोगाची ही खोड वैद्यकाला ठाऊक होती, की रक्तातला प्राणवायू उतरत जातो आणि माणसाला गुदमरल्याची जाणीवच होत नाही. पण चुलीपुढे ती कुणाला ठाऊक असणार? दुपारी ओठ निळसर दिसू लागले, तेव्हा ओम्नी बोलावली. कळे गाव ओलांडण्यापूर्वीच आक्का गेल्या.

“महिनाभर आधी तो हुकूम आला असता,” रावसाहेब म्हणाले, आणि वाक्य तसेच सोडून दिले.

आता माझ्या ध्यानात आले, की हुकुमाची तामिली करताना या माणसाने दारोदार जी सक्ती केली असेल ती कोणत्या हिशेबापोटी. आणि डॉक्टरांच्याही ते ध्यानात आले असावे, कारण त्यांनी युक्तिवाद पुढे चालविला नाही. त्यांनी आपल्या बाजूची गोष्ट पुढे ठेवली, जी मला अर्धवट ठाऊक होती.

आमच्या पेठेत एक निवृत्त गुरुजी राहत. प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यांत पोचून वर्ष झालेले; मोठ्या दवाखान्यांनी आता घरीच सांभाळा असे सांगून कागद हातात दिलेले. खाट माडीवर, खिडकीलगत, तिच्यातून शेजारच्या वाड्यातले आंब्याचे झाड दिसे. सून एकटी, मुलगा नोकरीनिमित्त परगावी अडकलेला. हाक मारण्याइतका दम गुरुजींना उरला नव्हता, म्हणून सुनेने देवघरातली छोटी घंटा स्वयंपाकघरात टांगली आणि तिला बांधलेली सुताची दोरी जिन्याच्या कठड्यावरून वर नेऊन गुरुजींच्या उशाशी सोडली. दोरी एकदा ओढली की पाणी, दोनदा ओढली की कूस बदलायची, असा संकेत. डॉक्टर एक दिवसाआड जात. त्याच वर्षीच्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गुरुजींना ताप आला, तपासणी झाली आणि अहवाल यायचा तोच आला.

“मी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा राहून त्यांना सांगितले,” डॉक्टर म्हणाले. “वर गेलो नाही. माझेही वय झालेले, सौभाग्यवतीला दमा. कारणे पुष्कळ होती आणि सगळी खरी होती. गुरुजी वरून म्हणाले, ‘मला इथून हलवू नका.’ आवाज पोचला नाही असे मी स्वतःला सांगितले असते तरी चालले नसते, कारण त्यांनी घंटाही वाजविली. एकदाही नाही, दोनदाही नाही, वाजवीतच राहिले. आणि मी खाली बसून नेण्याची चिठ्ठी लिहिली. नियमाप्रमाणे कर्करोगावर उपचार चालू असलेल्या माणसाला घरी ठेवण्याची शिफारसच नव्हती, आणि त्या हुकुमानंतर तर कुणालाच नव्हती. माझ्या चिठ्ठीत एकही शब्द खोटा नाही.”

गुरुजींना कोठे नेले ते सांगण्याचे कारण नाही. त्या दिवसांत जिथे खाट मिळाली तिथे. सहाव्या दिवशी फोन आला. सुनेला दारापाशी उभे राहून जे दिसले ते पांढऱ्या पिशवीत गुंडाळलेले होते आणि पिशवीवर चिकटपट्टीने लावलेला एक क्रमांक होता. तिने पदराच्या गाठीला तुळशीचे पान बांधून आणले होते. ते तोंडात घालू द्या असे तिने मागितले नाही, नुसते तोंड पाहू द्या म्हणाली. नियम नाही, असे उत्तर मिळाले.

“आणि नियम होता!” डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला, त्याने लिफाफा हलला. “केंद्र सरकारचे पत्रक 2020 च्या मार्चच्या 15 तारखेचे आहे. नातलगांना मुखदर्शन द्यावे, कर्मचाऱ्याने काळजीपूर्वक पिशवीची चेन उघडावी, स्पर्श न करता मंत्र म्हणता येतील, पाणी शिंपडता येईल, अस्थींपासून काही धोका नाही. सगळे त्यात लिहिलेले आहे. मी ते वाचले तेव्हा गुरुजींचे वर्षश्राद्ध होऊन गेले होते. तो कागद मंत्रालयातून निघून जिल्ह्यापर्यंत आला, वॉर्डच्या दारापर्यंत मात्र पोचला नाही.”

रावसाहेब, ज्यांचे अवघे आयुष्य कागद खाली पोचविण्यात गेले होते, त्यांनी मान हलविली. “पोचत नाही,” ते म्हणाले. “सक्तीचा कागद रातोरात पोचतो. सवलतीचा वाटेत कुणाच्या तरी टेबलावर झोपतो. ही माझ्या खात्याची तीस वर्षांची रीत तुम्हांला सांगतो.”

मला वाटले, एवढ्यावर दोघांचे जमले. पण रावसाहेब कच्चे मामलेदार नव्हते. “समजा, डॉक्टर,” ते म्हणाले, “तुम्ही ती चिठ्ठी लिहिली नसती. गुरुजी माडीवरच राहिले असते. चौथ्या दिवशी श्वास लागला असता. मग? तुमच्या पेटीत काय होते?”

डॉक्टरांनी याचे उत्तर फार प्रामाणिक दिले. पेटीत काही नव्हते. शेवटच्या घटकेला श्वासाची जी तडफड होते ती अफूतून निघणाऱ्या मॉर्फिनच्या अल्प मात्रेने शमते. रोग हटत नाही, पण माणसाची भीती उतरते आणि तो निवांत होतो. हे ज्ञान नवे नाही आणि औषधही महाग नाही. अडचण परवान्याची. 1985 च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने या औषधाभोवती दाखल्यांचे असे कुंपण घातले, की साध्या डॉक्टराने त्याचे नाव घेणेच सोडले. 2014 साली संसदेने दुरुस्ती करून अनेक परवान्यांच्या जागी एकाची तजवीज केली, तरी पिढीच्या पिढी ते हाताळायला न शिकताच दवाखाने थाटून बसली होती, त्यांतले आपण एक, असे डॉक्टर म्हणाले. आणि हे कोणत्या देशात? जिथे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, आणि मरणाऱ्याच्या जिभेवर मात्र थेंब पडत नाही.

“म्हणजे घरी ठेवणे म्हणजे हालात ठेवणे,” रावसाहेब म्हणाले.

“माझ्या हाती ठेवणे म्हणजे, हो.”

हे कबूल करायला धैर्य लागते. आमच्या डॉक्टरांविषयी माझा आदर त्या संध्याकाळी वाढला, हे इथे नमूद करतो. परंतु रावसाहेबांना आता चेव आला होता. दवाखाना परका असतो, असे सरसकट कोण म्हणतो, असे त्यांनी विचारले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांचे उदाहरण त्यांनी दिले: 1973 च्या नोव्हेंबरात अत्याचार होऊन ती परिचारिका जी अंथरुणाला खिळली ती 2015 च्या मे महिन्यात जाईपर्यंत, जवळजवळ 42 वर्षे, आणि एवढ्या काळात तिच्या सहकारी परिचारिकांनी, आणि त्या निवृत्त झाल्यावर ज्यांनी तिला चालती-बोलती कधी पाहिलेही नव्हते अशा पुढच्या पिढीतल्यांनी, तिच्या पाठीला झोपून झोपून होणारी जखम होऊ दिली नाही. रक्ताच्या कोणत्या नात्याने हे केले असते? लंडनला सिसिली सॉन्डर्स बाईंनी 1967 साली सेंट क्रिस्टोफर्स उघडले, मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये शांति आवेदना सदन निघाले, ही घरे नव्हेत. पण तिथे माणसे घरच्यासारखी जातात. “तेव्हा प्रश्न भिंतींचा नाही, डॉक्टर.”

“मी कुठे म्हणतो भिंतींचा! केरळात जाऊन पाहा. 1993 साली कोझिकोडला राजगोपाल आणि सुरेश कुमार यांनी काम आरंभले. 2008 साली सरकारने धोरण केले. तिथे ग्रामपंचायतीची परिचारिका जीपमधून घरोघर जाते, बरोबर गावातले स्वयंसेवक. जखम धुतात, नळी बदलतात, औषध देतात आणि सुनेलाही विचारतात, की बाई, तू जेवलीस का? आपल्याकडे दारात जाणारे कोण होते? आशा सेविका. आकडा बघायचा, तापाची नोंद करायची, गोळ्यांची पुडी द्यायची, सगळा भार त्यांच्यावर, आणि मोबदला इतका तुटपुंजा की त्या वर्षीच्या जूनच्या 15 तारखेला राज्यभर त्यांना संपावर जावे लागले. आपल्या जिल्ह्यात लाट वर असताना! मला राग संपाचा नाही. एवढेच म्हणतो, की दारात जायला एवढेच माणूस होते, आणि त्यालाही आपण उपाशी ठेवले.”

माझे मत कुणी विचारले नव्हते, तरी सांगतो. 25 मेच्या हुकुमाची चूक रुग्णाला न्या म्हणण्यात नव्हती. आक्कांना न्यायलाच हवे होते आणि गुरुजींना नेता कामा नये होते, आणि हुकुमाला हा भेद करता येत नव्हता, कारण तो भेद कागदावरून होत नाही. जिना चढून, खाटेशी बसून, बोटाला यंत्र लावून आणि तोंडाकडे पाहून तो करावा लागतो. आक्कांच्या चुलीपुढे आणि गुरुजींच्या माडीवर, दोन्हीकडे तेवढ्या एका माणसाची उणीव होती. डॉक्टर खालच्या पायरीवर थांबले आणि रावसाहेबांचे खाते वेशीवर. दोघांनीही आपापल्या जागेवरून योग्य तेच केले.

डॉक्टरांनी मग कोल्हापूरचाच दाखला काढला. या शहरात महापालिका प्रेतसंस्काराचा पैसा घेत नाही. होळी लहान करून शेणी पंचगंगेच्या स्मशानभूमीला दान द्यायची चाल इथे पडली आहे, आणि तालीम मंडळांची पोरे ट्रॉल्या भरभरून शेणी नेऊन टाकतात. त्या दोन वर्षांत जी प्रेते घरच्यांनी भीतीने हाती घेतली नाहीत त्यांना बैतुलमाल कमिटीच्या मुसलमान कार्यकर्त्यांनी हिंदू रीतीने अग्नी दिला. “मेलेल्यासाठी या गावात काय कमी आहे?” डॉक्टर म्हणाले. “लाकूड, शेणी, खांदा, सगळे फुकट, जातधर्म न विचारता. मरणाऱ्यासाठी कुणी एक रात्र दान द्यायची चाल अजून पडायची आहे. शेणी देणाऱ्या पोरांना मी विचारले तर नाही म्हणणार नाहीत, असे मला वाटते. पण मी विचारले नाही.”

“विचारा,” रावसाहेब म्हणाले, आणि त्यांनी लिफाफा उघडला.

आत मुद्रांकावर टंकलिखित मजकूर होता. सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या मार्चच्या 9 तारखेला ज्याला मान्यता दिली, आणि ज्यासाठी पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जावे लागे पण 2023 च्या जानेवारीतल्या सुधारणेने आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा ठरविला, ते इच्छापत्र. लोक त्याला लिव्हिंग विल म्हणतात. बरे होण्याची आशा उरली नाही असे वैद्यांनी ठरविल्यास कृत्रिम उपायांनी जीव लांबवू नये, वगैरे नेहमीची कलमे होती. त्याखाली रावसाहेबांनी आपल्या अक्षरात एक कलम वाढविले होते: ‘साथीचा रोग झाल्यास मला विनाविलंब दवाखान्यात न्यावे. उपाय थकल्यास विनाविलंब घरी आणावे आणि माडीवर, रंकाळ्याकडच्या खिडकीशी ठेवावे.’

“या कलमाला कायद्याचे बळ नाही,” डॉक्टर वाचून म्हणाले. “आणि 2021 सारखी वेळ आली तर तुमचेच खाते हा कागद बाजूला सारील.”

“सारील. पण आपल्या भागात कायद्याहून लेखी कागदाला लोक बिचकतात. पोरांत वाद झाला तर उपयोगी पडेल.”

डॉक्टरांनी पुन्हा एकदा वाचले आणि शेवटच्या कलमावर बोट ठेवले. घरी आणल्यानंतर दररोज येऊन पाहणार, असे लिहून पुढे नावासाठी जागा सोडली होती. ती कोरी होती. “हे कोण?”

“तुमचे घालणार होतो,” रावसाहेब म्हणाले. “पण तुम्ही माझ्याहून सहा वर्षांनी मोठे.”

आम्ही दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. वहिनींनी दिवा लावला. नोटरीकडे सोमवारी जायचे ठरले. नावाची जागा अजून कोरी आहे.